सेटवर कोण ऐकतंय?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत पोलिसांच्या क्वालिस गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर त्या हल्ल्यात शहीद झाले. दहशतवाद्यांनी तीच गाडी घेतली आणि ते पुढे निघाले. मागच्या बाजूला शिपाई अरुण जाधव जखमी अवस्थेत पडून होते. अंगावर सहकाऱ्यांचे देह, हाताला गोळ्या लागलेल्या, बंदूक आवाक्याबाहेर. टायर फुटल्यावर दहशतवाद्यांनी क्वालिस सोडली आणि एक स्कोडा हिसकावली. ते गेल्यावर जाधवांनी गाडीतल्याच बिनतारी संचावरून कंट्रोलला खबर दिली. स्कोडाचे वर्णन सेटवर गेले. गिरगाव चौपाटीला डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याची नाकाबंदी होती. तिथल्या माणसांनी ती गाडी अडवली आणि सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलत अजमल कसाबला पकडून ठेवले.

ओंबळे यांच्या धैर्याबद्दल महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. त्या धैर्यापर्यंत खबर पोचवणाऱ्या बिनतारी संचाबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. चौपाटीवरच्या माणसांना काय येतेय हे आधी कळले होते, म्हणून ते तयार होते. कोणी कोणाला फोन लावत बसले नाही. एकदा बोललेले सगळ्या नाक्यांनी ऐकले.

त्याच रात्रीची दुसरी बाजूही विसरता येत नाही. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने अशा प्रसंगासाठी ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही यावर बोट ठेवले. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता यांनी माहिती अधिकारात कंट्रोलच्या संभाषणाची नोंद मिळवली, कामा रुग्णालयाकडे कुमक मागितल्यावर काय झाले याचे प्रश्न विचारले आणि त्यावर ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहिले. आणि याच वेळी पाकिस्तानात बसलेले सूत्रधार इंटरनेटवरच्या फोनवरून हल्लेखोरांशी अखंड बोलत होते, दूरचित्रवाणीवरचे थेट प्रक्षेपण पाहून त्यांना सूचना देत होते. पोलिसांच्या बाजूला तसा अखंड धागा नव्हता. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

हे पुस्तक पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि आपत्ती निवारणाची पथके यांच्या दळणवळणाच्या उद्याबद्दल आहे. पुढच्या प्रकरणांत यंत्रे, लहरी, मानके आणि करार यांची सविस्तर चर्चा येईल. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. उद्याचे जाळे कितीही वेगवान असले तरी त्याची परीक्षा दोन प्रश्नांवर व्हायला हवी. सगळे बंद पडल्यावर शेवटच्या शिपायाचा आवाज पोचतो का? आणि तो आवाज दुसऱ्या खात्याचा गणवेश घातलेल्या माणसापर्यंत पोचतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभियंते देऊ शकतात. दुसऱ्याचे उत्तर खात्यांना द्यावे लागते, आणि जगभर अपयश आले आहे ते बहुतेक तिथेच.

आधी बिनतारी संचाविषयी थोडे. खिशात स्मार्टफोन असताना कमरेला हा जाडजूड सेट कशाला, असे अनेक तरुण अधिकाऱ्यांनाही वाटते. फोनवर बोलणे दोघांचे असते. नंबर शोधा, लावा, वाजू द्या, समोरच्याने उचलेपर्यंत थांबा. सेटवर बटण दाबले की अर्ध्या सेकंदाच्या आत अख्खा गट ऐकत असतो. सेट म्हणजे गावची चावडी आहे. कोणी कोणाला काय सांगितले हे सगळ्यांना कळते, आणि ज्याला थेट काही सांगितलेले नाही त्यालाही परिस्थितीचा अंदाज येत राहतो. वरळीच्या बीट मार्शलला दादरला काय चालले आहे हे न विचारता माहीत असते ते यामुळेच. ही सामूहिक श्रवणाची सवय हा या सेवांचा खरा ठेवा आहे, आणि नव्या तंत्रज्ञानात तो सर्वांत सहज हरवू शकतो.

दुसरे कारण भौतिकशास्त्राचे. साधा मोबाइल साधारण ०.२ वॉट इतक्या शक्तीने बोलतो. जवळपास टॉवर आहे हे गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. पोलिसाच्या हातातला व्हीएचएफ सेट पाच वॉटपर्यंत जातो, आणि मध्ये एकही टॉवर नसला तरी एक सेट दुसऱ्या सेटशी थेट बोलू शकतो. टॉवर पडला की मोबाइलचा उपयोग विजेरी म्हणून होतो. सेट मात्र दोन माणसांमधले अंतर आणि डोंगर एवढ्यावरच अडतो.

न्यूयॉर्कचे उदाहरण या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत येते. तरी ते पुन्हा सांगावेच लागते. ११ सप्टेंबर २००१ रोजी दक्षिण मनोरा ९ वाजून ५९ मिनिटांनी कोसळला, उत्तर मनोरा १० वाजून २८ मिनिटांनी. मधल्या २९ मिनिटांत पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उत्तर मनोराही टिकणार नाही असा इशारा दिला गेला. तो पोलिसांनी ऐकला. अग्निशमन दलाचे जवान वेगळ्या लहरींवर होते, त्यांच्यापर्यंत तो इशारा पोचण्याची सोयच नव्हती. जिन्यांमध्ये, जाड काँक्रीटच्या आत, त्यांच्या स्वतःच्या दलाचे संदेशही धड पोचत नव्हते. त्या दिवशी न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जवान गेले. त्यातले किती वाचले असते हे कोणी सांगू शकत नाही, पण ज्याला धोका दिसत होता आणि जो धोक्यात होता त्या दोघांमध्ये वाट नव्हती, एवढे मात्र निश्चित.

अमेरिकेने त्यावर मोठा निर्णय घेतला, पण सावकाश. २०१२मध्ये कायदा झाला, ७०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातल्या २० मेगाहर्ट्‌झ लहरी आपत्कालीन सेवांसाठी राखून ठेवल्या गेल्या, आणि २०१७मध्ये एटी अँड टी कंपनीला २५ वर्षांचे कंत्राट मिळून ‘फर्स्टनेट’ उभे राहिले. या जाळ्यात गर्दी झाली की जवानाचा संदेश आधी जातो आणि गरज पडली तर सामान्य ग्राहकाचा संपर्क तोडून जवानाला जागा दिली जाते. तत्त्व साधे आहे, आणि मला ते पूर्णपणे न्याय्य वाटते. संकटात ज्याच्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे त्याला रांगेत पुढे जागा मिळाली पाहिजे.

ब्रिटनची कहाणी आपल्यासाठी जास्त बोलकी आहे, कारण तिथे पैसा, कायदा आणि हेतू हे तिन्ही होते. १९८७मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात आग लागून ३१ माणसे गेली. जमिनीखाली वेगवेगळ्या सेवांचा बिनतारी संपर्क होत नाही हे त्यानंतरच्या फेनेल चौकशीत स्पष्ट झाले होते. १८ वर्षांनी, ७ जुलै २००५ रोजी, त्याच भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले आणि खोल बोगद्यात सेट पुन्हा मुके झाले. गाडीपासून फलाटापर्यंत आणि तिथून वर रस्त्यापर्यंत माणसे धावत निरोप पोचवत होती. ज्या शहराने जगाला भुयारी रेल्वे दिली, तिथली ही अवस्था.

मुंबईत आरे ते कफ परेड अशी ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो २०२५मध्ये पूर्ण सुरू झाली. पुण्यातही शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रो जमिनीखालून जाते. किंग्ज क्रॉसचा प्रश्न आता आपल्या दारात आहे. पोलीस, अग्निशमन दल आणि १०८ रुग्णवाहिका या तिघांचे सेट त्याच बोगद्यात, त्याच फलाटावर, धूर भरलेला असताना एकमेकांना ऐकू येतात का, याची चाचणी ठरावीक काळाने व्हावी आणि तिचा निकाल जाहीर व्हावा. हीच गोष्ट परळ-वरळीच्या उंच इमारतींची. चाळिसाव्या मजल्यावर वर्दीवर गेलेल्या जवानाचा आवाज खाली उभ्या बंबापर्यंत यायचा तर इमारतीतच त्यासाठी यंत्रणा बसवलेली हवी. अमेरिकेतल्या अनेक शहरांत ती बांधकाम करणाऱ्याची जबाबदारी आहे. लिफ्ट आणि पाण्याच्या टाकीइतकीच ती आपल्याकडेही भोगवटा प्रमाणपत्राची अट व्हायला हवी.

ब्रिटनकडे परत येऊ. तिथे ‘एअरवेव्ह’ नावाचे टेट्रा पद्धतीचे डिजिटल जाळे उभे राहिले, तिन्ही सेवा एकाच जाळ्यावर आल्या. एकत्र बोलण्यासाठी सामाईक गटही ठरवून ठेवले गेले. मग २२ मे २०१७च्या रात्री मँचेस्टर अरीनात आत्मघाती स्फोट झाला आणि २२ माणसे मारली गेली. अग्निशमन दलाच्या सर्वांत जवळच्या तुकडीला घटनास्थळी न पाठवता दूरच्या केंद्रावर जमायला सांगितले गेले. ते दल अरीनात पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. यंत्र बिघडले नव्हते. सगळ्या कंट्रोल रूम एकमेकांना ऐकू शकतील असा गट वापरण्याची तरतूद कागदावर होती, पण तो गट त्या रात्री कोणी सुरूच केला नाही. सर जॉन सॉन्डर्स यांच्या चौकशीचा २०२२चा खंड वाचताना मन सुन्न होते. वेळेवर उपचार मिळाले असते तर एक जखमी बहुधा वाचला असता, असा त्यात निष्कर्ष आहे. माणसे प्रशिक्षित होती, सेट हातात होते, बॅटरी भरलेली होती. फक्त एकमेकांशी बोलायची सवय नव्हती.

ब्रिटनचा दुसरा धडा पैशाचा आणि घाईचा आहे. २०१५मध्ये सरकारने एअरवेव्ह बंद करून सगळे मोबाइल जाळ्यावर नेण्याचे करार केले. २०१९च्या अखेरीस हे काम व्हायचे होते. मग २०२२ आले, २०२६ आले, आता २०२९ म्हणतात. तोवर जुने जाळे चालू ठेवण्याचा खर्च आणि नव्याची तयारी असा दुहेरी भार. पण मला यातली एक गोष्ट कौतुकाची वाटते. नवे तयार झाले नाही तोवर त्यांनी जुने बंद केले नाही. आपल्याकडे एखादे ॲप आले की जुन्या सेटची देखभाल थांबते, डोंगरावरच्या रिपीटरची बॅटरी बदलायची राहून जाते. सेट जुना म्हणून टाकायचा असेल तर त्याच्या जागी आलेली वस्तू पावसात, वीज नसताना, टॉवर पडल्यावर तेच काम करते हे आधी सिद्ध व्हावे. ही अट कोणत्याही निविदेच्या पहिल्या पानावर असावी.

सगळ्यात वेदनादायी उदाहरण दक्षिण कोरियाचे. १६ एप्रिल २०१४ला सेवोल ही फेरीबोट बुडाली, ३०४ माणसे गेली, त्यात बहुसंख्य सहलीला निघालेली शाळकरी मुले. बचाव यंत्रणांचा एकमेकांशी मेळ नव्हता म्हणून देशभर संताप उसळला. सरकारने पोलीस, अग्निशमन, तटरक्षक, वैद्यकीय सेवा अशा सगळ्यांसाठी एकच चौथ्या पिढीचे ब्रॉडबँड जाळे बांधायचे ठरवले आणि २०२१मध्ये ते देशभर पूर्ण केले. जगात इतके व्यापक काम इतक्या लवकर क्वचितच झाले असेल. पुढच्याच वर्षी २९ ऑक्टोबर २०२२ला सोलमधल्या इथेवॉनच्या अरुंद गल्लीत हॅलोविनच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन १५९ माणसे गेली. संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांपासून लोक पोलिसांच्या ११२ क्रमांकावर फोन करून सांगत होते की इथे माणसे दबून मरतील. दुर्घटनेआधी असे ११ फोन आले. आणि ते नवेकोरे जाळे? ते व्यवस्थित चालू होते. पण खात्या-खात्यांमधल्या बोलण्यासाठी ते जवळजवळ वापरलेच गेले नाही.

कोरियाने चूक केली ती अभियांत्रिकीची नव्हती. त्यांनी वाट बांधली, पण त्या वाटेने कोण, केव्हा, कोणाच्या हुकमाने चालणार हे ठरवले नाही आणि त्याची तालीम केली नाही. तंत्रज्ञानाच्या भवितव्यावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

आता आपल्या घराकडे. ३० जुलै २०१४च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून जास्त माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला ते कळले ते एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीला बस घेऊन तो तिथे पोचला तेव्हा गाव जागेवर नव्हते, आणि त्याने ती खबर दिली. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाडला पुराचा वेढा, रस्ते बंद, वीज बंद, मोबाइल बंद. बचाव पथक पोचायला दुसरा दिवस उजाडला. या दोन्ही ठिकाणी प्रश्न वेगवान इंटरनेटचा नव्हता. ‘आमच्यावर डोंगर आलाय’ एवढे तीन शब्द तालुक्याला पोचवणारी एकही टिकाऊ वाट गावात नव्हती.

मोबाइल टॉवर पुरात का बंद पडतात याचे कारण कोणा लाइनमनला विचारा. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, मग डिझेल लागते, आणि डिझेल नेणारा रस्ताच वाहून गेलेला असतो. त्यात केबल तुटली तर टॉवर उभा असूनही मुका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईसारख्या शहरातही हेच अनुभवले गेले. आणि खासगी कंपनीचे जाळे पाऊस-पुराशिवायही कोसळू शकते. ८ जुलै २०२२ला कॅनडात रॉजर्स कंपनीची यंत्रणा एका चुकीच्या बदलामुळे देशभर बंद पडली, आणि तिच्या अनेक ग्राहकांना ९११ हा क्रमांकही लागेना. म्हणून एकाच कंपनीवर, एकाच प्रकारच्या जाळ्यावर या सेवा टांगून ठेवणे मला मान्य नाही. डोंगराळ तालुक्यात तहसील, पोलीस ठाणे आणि निवडक ग्रामपंचायती यांच्याकडे उपग्रहावरून चालणारा संच आणि सौर बॅटरीवरचा व्हीएचएफ रिपीटर या दोन्ही गोष्टी असाव्यात. कुठलीही एक पुरेशी नाही.

महाराष्ट्रात २०१४पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावतात, आणि त्यांनी ग्रामीण भागात किती जीव वाचवले हे कोणत्याही बाळंतिणीच्या घरी विचारावे. २०२१मध्ये ११२ हा आपत्कालीन क्रमांक आला. त्याचे मुख्य केंद्र नवी मुंबईत, दुसरे नागपुरात. कॉल आला की जवळच्या पोलीस गाडीतल्या पडद्यावर ठिकाण उमटते. हे मोठे काम आहे, आणि ते उभे करणाऱ्यांचे ऋण मानले पाहिजे. पण पुणे-मुंबई रस्त्यावर एखाद्या अपघाताच्या जागी उभे राहून पाहा. महामार्ग पोलीस त्यांच्या सेटवर, १०८चा पायलट म्हणजे चालक त्याच्या मोबाइलवर, अग्निशमन दल तिसऱ्याच लहरींवर, टोलवाल्यांची क्रेन चौथ्या नंबरवर. या सगळ्यांना जोडतो तो तिथला एखादा जाणता हवालदार. तो ओरडून, हात करून, फोन फिरवून सगळ्यांचा मेळ घालतो. तो रजेवर असेल तर?

या पोकळीत व्हॉट्सॲप शिरले आहे. ठाण्यांचे, बंदोबस्ताचे, तालुक्याच्या आपत्ती कक्षाचे गट आहेत, आणि फोटो, ठिकाण, याद्या पाठवायला ते खरोखर उपयोगी पडतात. पण जून २०२३मध्ये कोल्हापुरात तणाव झाला तेव्हा अफवा थांबवण्यासाठी इंटरनेट बंद केले गेले. अशा वेळी अफवेसोबत हे गटही थांबतात. ज्या दिवशी पोलिसाला सर्वाधिक गरज, त्याच दिवशी त्याचे अनौपचारिक जाळे सरकारच्याच हुकमाने बंद. आपत्कालीन सेवांना स्वतःचे ब्रॉडबँड जाळे हवे, याचा याहून मोठा पुरावा नको.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने जून २०१८मध्ये अशा देशव्यापी जाळ्याची शिफारस केली. ८०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यात दोन्ही दिशांना १०-१० मेगाहर्ट्‌झ लहरी राखाव्यात, आधी काही भागांत पथदर्शी प्रयोग करावेत असे त्यात होते. लहरींचा लिलाव हजारो कोटींत होत असताना वीस मेगाहर्ट्‌झ बाजूला ठेवणे हा राजकीय निर्णय आहे हे मला समजते. पण या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, आणि जनतेच्या जिवासाठी त्यातला एक तुकडा राखणे यापेक्षा त्यांचा चांगला उपयोग मला सुचत नाही.

तंत्रज्ञानाच्या बाजूने उद्याचे चित्र आशेचे आहे. बटण दाबून गटाशी बोलण्याची पद्धत आता मोबाइल जाळ्याच्या जागतिक मानकांतच आली आहे. २०१६पासून ध्वनी, पुढच्याच आवृत्तीत चित्र आणि मजकूर. ड्रोनवरून दिसणारी उष्णतेची प्रतिमा धुरात अडकलेल्या माणसाचा माग देऊ शकते. धावत्या रुग्णवाहिकेतून ईसीजी जिल्हा रुग्णालयात आधी पोचला तर हृदयविकाराच्या रुग्णासाठी डॉक्टर दारात तयार असतात. जवान पडला आणि हालचाल थांबली तर सेट आपोआप इशारा देतो. या सगळ्याचे मी मनापासून स्वागत करतो. कमतरता एकाच ठिकाणी आहे. टॉवरविना एका फोनने दुसऱ्याशी थेट बोलावे, ही सोय मानकात असली तरी बाजारात मिळणाऱ्या फोनांत जवळजवळ नाही, आणि ०.२ वॉटमध्ये तिचा पल्लाही तोकडा. म्हणून पुढची बरीच वर्षे जवानाच्या अंगावर दोन साधने राहतील असे मला वाटते, आणि ती राहू द्यावीत. चित्रासाठी एक, जिवासाठी एक.

ही साधने ज्याच्या हातात जाणार आहेत त्याचा हात नीट पाहिला पाहिजे. आषाढातला पाऊस, रेनकोट, एका हातात काठी, दुसऱ्याने गर्दी आवरायची. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. अग्निशमन जवानाच्या जाड हातमोज्यातून फक्त मोठे, उठावाचे बटण कळते. गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे कॉलचे ठिकाण दाखवणाऱ्या पडद्यावर, कॉल बंद करण्यासाठी चार पानांवर टिचक्या माराव्या लागल्या तर चालक शिपाई ते नंतर करू म्हणतो, आणि कंट्रोलला गाडी अजून गुंतलेली दिसत राहते. यंत्र बनवणाऱ्यांनी एक पूर्ण पावसाळा बंदोबस्तावर काढावा, मग आराखडा करावा.

भाषेचा आणि पत्त्याचा प्रश्न मला याहूनही जवळचा वाटतो. ११२ला धडगावच्या पाड्यावरून फोन येतो. बोलणारी बाई पावरीत बोलते, घाबरलेली आहे, आणि ठिकाण सांगते ते मोठ्या आंब्यापासून खालच्या अंगाला, नदीपल्याड. नवी मुंबईत फोन घेणारी मुलगी कितीही तत्पर असली तरी तिच्यापुढच्या नकाशावर तो आंबा नाही. भामरागडहून माडियात, साक्रीहून अहिराणीत, कुडाळहून मालवणीत असेच फोन येणार. यंत्राने बोलणे ऐकून मजकूर करणे, भाषांतर करणे आता शक्य होत आहे, आणि आपत्कालीन सेवांत याचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे. पण ते यंत्र बातम्यांच्या प्रमाण मराठीवर तयार झाले तर घाबरलेल्या माणसाची पावरी त्याला कळणार नाही. या बोलींचे नमुने, बोलणाऱ्यांच्या संमतीने, आत्ताच गोळा करायला हवेत. पाड्यांचे, वस्त्यांचे, झाडा-नाल्यांचे लोकांच्या तोंडचे पत्ते नकाशावर चढवायला हवेत. तलाठी, आशाताई आणि पोलीस पाटील हे काम कोणत्याही उपग्रहापेक्षा चांगले करू शकतात. आणि यंत्राची खात्री नसेल तिथे कॉल ताबडतोब त्या बोलीच्या माणसाकडे गेला पाहिजे.

गुप्ततेबद्दल दोनच गोष्टी. गुन्हेगाराने पोलिसांचे बोलणे ऐकू नये हे खरे, पण कुलूप बनवणाऱ्याने ‘विश्वास ठेवा’ म्हटले म्हणून ते पक्के होत नाही. टेट्राचे संकेतन दशकानुदशके गुप्त ठेवले गेले. २०२३मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्यातल्या एका प्रकारात मुळातच ठेवलेली कमकुवत किल्ली उघड केली. आपण जे घेऊ ते स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे. दुसरी गोष्ट नोंदीची. प्रत्येक संदेश वेळेसह, बदलता येणार नाही असा जपला जावा आणि चौकशीला उपलब्ध असावा. शहिदाच्या पत्नीला आपल्या नवऱ्याने मागितलेल्या कुमकेचे काय झाले हे शोधायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागू नये.

जवळची मोठी कसोटी नाशिकची आहे. २७ ऑगस्ट २००३ला तिथल्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. पुढच्या सिंहस्थाच्या मोठ्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२७मध्ये आहेत. लाखोंच्या गर्दीत मोबाइल जाळे गुदमरते हे पंढरपूरच्या आषाढीला कोणीही अनुभवलेले असते. त्यामुळे नाशिकला पोलीस, अग्निशमन दल, १०८, महापालिका, रेल्वे आणि एसटी यांना जोडणारा एक सामाईक गट हवा. तो कोण सुरू करणार, त्याचे नाव आणि हुद्दा आधी ठरलेला हवा. रामकुंडाकडे येणारी वाट तुंबतेय असे घाटावरच्या साध्या शिपायाने बटण दाबून सांगितले तर वरिष्ठाची वाट न पाहता मागचे अडथळे बंद करण्याचा अधिकार कोणाला, हेही लेखी हवे. आणि या सगळ्याची तालीम त्याआधीच्या श्रावणात, तिसऱ्या सोमवारी, त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेच्या भर गर्दीत व्हावी. तिथे डोंगर आडवा येतो, पाऊस असतो, रात्रभर लोक चालत असतात. कुठल्या वळणावर कोणाचा सेट कोणाला ऐकू आला नाही याची यादी करावी, ती जाहीर करावी, आणि पहिल्या पर्वणीआधी त्यातली प्रत्येक जागा दुरुस्त झालेली असावी.